पेटीतलं दोन बोटं पानी

कणीक धरत नव्हती. मी एक गोळा दाबू, तं पानी त्याच्या बाजूनं वाट काढे. दुसरा दाबू, तं पहिला सुटे... दोन्ही हात पिठानं माखलेले, लुगडं गुडघ्यापावतर ओलं, अन् ओसरीत पानीच पानी. मासोळ्याइच्या काचेच्या पेटीच्या खालच्या कोपऱ्यातून करंगळीएवढी धार लागली होती. अन् पेटीसमोर माहा सोपान बसेल होता, बोलून राह्यला होता... पन आवाज — कसं सांगू — पेटीतलं पानी जसं एकेक बोट खाली ये, तसा त्याचा आवाज दूर जाय. आधी अंगनातून बोलल्यासारखा. मंग गल्लीच्या त्या टोकावरून. मंग विहिरीच्या पलीकडून. पोरगं माह्यासमोर, हात लांबवला तं लागन इतकं जवळ. तोंड तेवढंच उघडून राह्यलं, अन् आवाज दूर जाऊन राह्यला.

घरात कोनी नाई. हे वावरात, आत्याबाई म्हंजे माही सासू वाण्याकडे गेलेली. भर दुपार. मी म्हनत होती, "थांब रे राजा, थांब, मी बुजवून राह्यली..." कोनाले म्हनत होती, सोपानले का पान्याले, मले आजबी नाई समजत.

आता सुरूपासून सांगते. मी चौथी पास हाये, लेहन्यात चुका असतीन, सांभाळून घ्या. तुमचं मासिक आमच्या इथं गुरुजीइच्या घरी येते. त्याइच्या बायकोकडून मी वाचाले आनते, अन् त्याच्यात हे असे भुताखेताचे अनुभव छापून आले की खरं सांगू, हासत होती मी. माह्या मनात असलं काई कधी नव्हतंच. माहेर माहं जानेफळचं. तिथल्या पिंपळाखाली लोक दुपारचेबी जात नव्हते, अन् माहा बाप तिथं खुशाल पासोडी टाकून झोपे. लोक म्हनत, तिथं काई तरी हाये. बाप म्हने, हाये ना, मच्छर हायेत. त्या बापाची पोरगी मी.

लग्न करून मी धामणगाव बढ्याले आली. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या साली सोपान झाला. गोरा, गुटगुटीत, ऐकू चांगलं ये, ताट वाजलं तं पळत ये. पन बोलत नव्हता. दोन वर्सं झाले, तीन झाले, साडेतीन झाले... एक शब्द नाई. रडे तेवढाच आवाज. त्याच्यामागून झालेले गल्लीतले लेकरं "माय वं, भूक लागली" म्हनाले लागले. अन् कोनाचंबी पोरगं "माय" म्हने तं मान माही वळे. विहिरीवरच्या बाया हासत. "अवं तुहं नोहे, माहं हाये," म्हनत. मीबी हासे त्याइच्या संगं. मंग घागर भरून घरी येतानी रस्ताभर मनातल्या मनात ऐकत ये, सोपानचा आवाज कसा असन. जाड असन का बारीक असन. मले वाटे, बारीक असन.

त्या साली आम्ही त्याले बुलढाण्याले सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं कान पाह्यले, जीभ पाह्यली, म्हने काई दोष नाई, बोलन तवा बोलन. ह्याइचा मावसभाऊ तिथं एका इंजिनेर सायबाच्या बंगल्यावर चपराशी होता. तो म्हने, वहिनी, उन्हातानाचं कुठी जाता, चला बंगल्यावर, पानी प्या, मंग जा.

त्या बंगल्यात बाजूच्या खोलीचं दार उघडं होतं, अन् सोपान माह्या हातातून सुटून सरळ तिथं गेला. मी मागं पळाली. पाहते तं काय — लोखंडी चौकटीची काचेची पेटी, तीन हात लांब, माह्या कमरेपावतर येन एवढी टेबलावर ठेवेल, अन् तिच्यात पानी, हिरवी वनस्पती, अन् तीन मासोळ्या. नारंगी, जशा टेंभराच्या फळाच्या. अशी पेटी मी जन्मात पाह्यली नव्हती. बाजूले खुर्चीवर बाईसाहेब बसेल. पांढरं पातळ, केस विंचरेल नाई. त्याइनं आमच्याकडे पाह्यलंबी नाई. पेटीकडेच पाहत होत्या.

सोपाननं नाक काचेले लावलं. मासोळी तोंड उघडे, मिटे. अन् माह्या पोराचे ओठ हलाले लागले. उघडले, मिटले. उघडले, मिटले. साडेतीन वर्सांत पहिल्यांदा. मी ह्याइले हाक मारली, मावसभाऊ आला, सायेबबी आले. सगळे पाहून राह्यले होते, पन माहं ध्यान कोनाकडे नव्हतं. मी ह्याइले म्हटलं, "आवो, मले हे पायजे."

"काय पायजे?"

"हे पेटी."

"वेडी झाली का वं? सायबाच्या घरची वस्तू हाये."

पन सायबाइनंच ऐकलं. बायकोकडे एकदा पाह्यलं अन् हळू आवाजात म्हने, "खरंच हवी असेल तर न्या. लवकर न्या. मी विकणारच होतो." किंमतीचं ह्याइचं अन् सायबाचं बोलनं झालं, मले काई सांगेल नाई. मले वाटलं, मोठ्या लोकाइले कटाळा आला असन. मी इचारलंच नाई की काऊन विकता. मावसभाऊ बी काई बोलला नाई.

आठव्या दिवशी आम्ही बैलबंडी घेऊन गेलो. बंडीत खाली सरकीचे पोते अंथरले, त्यावर कडबा, त्यावर घरच्या चारी वाकळा. पेटी उचलाले पाच गडी लागले. तेवढ्यात बाईसाहेबाइनं पेटीचा कोपरा धरला. सायेब म्हने, "सोड आता." त्याइनं सोडला. मंग माह्याजवळ आल्या अन् मले सांगाले लागल्या, जसं लेक सासरी चालली अन् तिच्या सासूले सांगाव तसं.

"हे बघ, काचा लांबीनं बसवल्या आहेत, खडू-तेलाच्या. लांबी वाळली की चिरते, मग पाणी धरत नाही. म्हणून सगळं पाणी काढलं नाही मी. तळाला दोन बोटं ठेवलंय. ते कधी टाकू नकोस. त्याच्यातच नवीन पाणी घाल. सगळी कोरडी कधी करू नकोस."

"नाई करनार, बाईसाहेब."

"मासे मातीच्या मडक्यात ने. पितळेच्या भांड्यात मरतात."

"हाव."

मंग त्या सोपानसमोर वाकल्या. त्याच्या डोक्याजवळ हात नेला, पन लावला नाई. तशाच आत गेल्या.

आम्ही राजूरच्या घाटानं उतरलो. हे बैलाच्या तोंडाशी, पायी. मी बंडीत, मांडीत मासोळ्याइचं मडकं, एक हात पेटीवर. सोपान मागच्या अंगाले पेटीले कान लावून निजेल. घाट उतरतानी बंडी पुढं कलते, सगळ्याइले माहीत हाये. म्हंजे पेटीतलं दोन बोटं पानी पुढच्या अंगाले यायले पायजे. तं थे पानी मागं होतं. सोपानच्या डोक्याकडे. सगळंच्या सगळं, जसं कुत्रं मानसाजवळ येऊन बसते तसं. पुढची वाळू उघडी पडली होती. मी ह्याइले हाक मारली, "आवो, हे पाहा बरं." ह्याइनं मागं वळून पाह्यलं, म्हने, "चाक दबलं असन मागचं." मी म्हटलं असन. तेवढाच इचार केला मी त्याचा.

घरी आलो तं आत्याबाई दारातच उभ्या. बंडीभोवती एक चक्कर मारला, मडक्यात वाकून पाह्यलं.

"एवढी मोठी काच आनली, अन् मासोळ्या तीन? एका मानसाचं कालवन नाई होत याच्यात."

"खायाच्या नाईत, पाहाच्या हायेत आत्याबाई."

"पाहून पोरगं बोलन? मंग मी काय पाहून बोलाले शिकली वं? माह्या बापाच्या घरी तं म्हशी होत्या."

पेटी उतरवाले आलेले गडी हासले. पन मंग त्याइनं खरी गोष्ट इचारली. आमच्या घरचा एक नेम हाये. दुसऱ्याच्या घरची वापरेल वस्तू, मंग तो पाटा असो का पितळी गंज, राखेनं घासाची, रिकामी करून उपडी ठेवाची अन् एक पुरा दिवस ऊन दाखवाचं. आत्याबाई म्हनते, मंग त्या घरचं त्या घरी जाते अन् वस्तू आपली होते.

"ऊन दाखवलं का हिले?"

बाईसाहेब म्हनल्या होत्या कोरडी करू नको. मी आत्याबाईच्या डोळ्यात पाहून म्हटलं, "हाव, मोताळ्याले थांबलो होतो ना, तिथं दिवसभर उन्हात ठेवली." तळाच्या पान्याचं म्हटलं की थे मंग नवं भरलं, मासोळ्याइसाठी. ह्याइनं मान खाजवली अन् बैल सोडाले निघून गेले. मले वाटलं, लहानसं खोटं हाये, काय होते.

पेटी ओसरीत ठेवली, दगडाच्या ओट्यावर. विहिरीचं पानी एक दिवस घागरीत ठेवून मंग भरलं. गाव लोटलं पाहाले. कोनी म्हने मासोळ्या इंग्रज हायेत. एक म्हातारा तं रोज ये, पेटीसमोर बसून बिडी ओढे, म्हने, शेतात पाट नाई अन् पाटलीनीच्या ओसरीत समिंदर. सोपान दिवसभर तिथंच. जेवनबी तिथं. ओठ हलत, आवाज नाई.

आठएक दिवसानं मी तुरीची डाळ निवडत होती, त्याच्याकडे पाठ. अन् माह्या मागून कोनी तरी म्हटलं, "फौजदार, मागे हो. मोरूला खाऊ दे."

सूप पडलं हातातून. मी वळली. ओसरीत सोपानशिवाय कोनी नव्हतं. त्यानं जाड मासोळीवर बोट ठेवेल होतं. "फौजदार," म्हने. मंग दुसरीवर. "मोरू." मंग बारकीवर. "ठकी."

बारीक होता आवाज. मले वाटे तसाच.

मी त्याले उचललं अन् गल्लीत पळाली, डोक्यावर पदर नाई, "बोलला वं बाया, सोपान बोलला." बाया जमल्या. म्हने, बोल रे. तं हा गप. तोंड मिटेल. पुन्हा ओसरीत आनून पेटीसमोर ठेवला, की बोलाले लागला. आत्याबाईनं गावभर गूळ वाटला. हे संध्याकाळी वावरातून आले, तसेच मातीच्या पायानं त्याच्याजवळ बसले. "बाबा म्हन. म्हन बरं, बाबा." सोपाननं वळून पाह्यलं नाई. हे म्हने, "म्हनन हळूहळू." अन् डोळे पुसत उठले. माह्या नवऱ्याले मी रडतानी तेवढंच एकदा पाह्यलं.

तीन दिवस मी अशी होती की जमिनीले पाय नाई. चवथ्या दिवशी सोपान म्हने, "आई."

मी चुलीजवळून पळत आली. "ओ राजा. ओ. काय रे?"

तो काचेकडे पाहत होता. "आई, दार उघड ना."

आमच्या ओसरीले दार नाई. मी त्याले कडेवर घेऊन दाखवलं, पाह्य, सगळं उघडं हाये, दार नाई बापू इथं. त्यानं मान काचेकडेच ठेवली. "आई, मी औषध घेतलं. सगळं घेतलं. आता उघड ना."

मी म्हटलं, "मी इथंच हाये."

तं थो माह्याकडे पाहे, पन जसं आपन खिडकीतून पाहतो, खिडकीकडे नाई पाहत... तसं. मी घाबरली नाई आधी. आधी मले वाईट वाटलं. साडेतीन वर्सं मी ज्या आवाजाची वाट पाह्यली तो आला, अन् तो मले हाका मारतच नव्हता. रोज ओ द्यायची मी. दिवसातून पन्नासदा. एकदाबी तो माह्यासाठी वळला नाई.

भीती कवा वाटली सांगते. ह्याइनं कौतुकानं मावसभावाले निरोप देला की पोरगं बोलते, मासोळ्याइले फौजदार म्हनते, ठकी म्हनते. त्यानं तिकडे सांगितलं असन. सोमवारी दुपारच्या एस्टीनं बाईसाहेब आल्या, एकट्या. स्टँडवरून इचारत पायी आल्या. आमच्या पायरीपाशी पोचल्या अन् तेवढ्यात सोपान काचेसमोर म्हने, "आई, दार उघड ना."

बाईसाहेबाइनं खांबाले धरलं.

"उघडलं," त्या म्हने. "उघडलं रे बाळा."

अन् माहा सोपान वळला. पहिल्यांदा. पेटी सोडून कोन्या मानसाकडे. चालत गेला अन् त्याइच्या मांडीत जाऊन बसला. त्याइचा हात धरून म्हने, "किती गार आहेत तुझे हात."

आत्याबाई ओसरीच्या कोपऱ्यात होत्या. त्याइच्या हातातली जपमाळ थांबली.

मंग बाईसाहेबाइनं सांगितलं. त्याइचा नंदू, पाच वर्साचा, एकुलता. घशाच्या रोगानं गेला. रोग लागनारा, म्हनून डॉक्टरनं त्याले पेटीच्या खोलीत ठेवलं होतं, अन् आईले आत जायची मनाई केली होती. नर्स तेवढी जाय. "चार दिवस आतून दार उघड म्हणत होता," त्या म्हने. "मी बाहेर बसून होते. कडी माझ्या हाताशी होती. उघडलं नाही मी. सगळे म्हणाले, तूही मरशील, थांब, बरा होईल." मंग पेटीकडे पाहून म्हने, "फौजदार नाव त्यानंच ठेवलं होतं. आम्ही दोघं सोडून कोणाला माहीत नव्हतं."

आत्याबाई हळूच म्हने, "खरं सांग वं सूनबाई. ऊन दाखवलं होतं?"

मी खाली पाह्यलं.

एस्टीची येळ झाली. बाईसाहेब उठल्या तं सोपाननं त्याइचा पदर धरला. "आई, जाऊ नको. आई." असा रडला, असा रडला... अन् त्याची मूठ मले सोडवा लागली. एकेक बोट. माह्या पोराची मूठ, दुसरीच्या पदरातून, मी सोडवून राह्यली, अन् तो मले लाता मारून राह्यला. बाईसाहेब म्हने, "पुढच्या सोमवारी येते. येऊ ना?" काय म्हनू मी? मी म्हटलं, या.

त्या गेल्यावर आत्याबाई मले रागावल्या नाई. रागावल्या असत्या तं बरं होतं. त्या म्हने, "तिचंबी लेकरूच हाये थे. पन अजून वेळ गेली नाई. रिकामी कर, उपडी कर, एक दिवस ऊन दाखव. त्या घरचं त्या घरी जाईन."

"अन् बोलनं? बोलनं जाईन का आत्याबाई?"

"जीभ एकदा सुटली की सुटली. चालाले लागलेलं पोरगं कुठी पुन्हा रांगते?"

मले पटलं. तुमाले खरं सांगते, मले पूर्ण पटलं होतं. मी असा हिशेब लावला की नंदूनं सोपानचा आवाज काढून देला, त्याचं काम झालं, आता तो जाईन अन् आवाज आमच्याजवळ राहीन. अन् आवाज राह्यला म्हंजे मंग सोपान तो आवाज घेऊन माह्याकडे वळन. राग नव्हता मले त्या नंदूचा. थोडा त्याच्या आईचा होता... नाई म्हनत नाई.

भरेल पेटी उपडी कशी कराची? दोन घागरी पानी उपसलं, तं दिवस जाईन असं वाटलं. मले थांबवत नव्हतं. मंगळवारी दुपारी घरात कोनी नव्हतं. मासोळ्या मडक्यात काढल्या. विळा आनला, अन् खालच्या कोपऱ्याची लांबी टोकानं कोरली. हे अजून कोनाले सांगेल नाई मी. सगळ्याइले वाटते लांबी आपोआप चिरली. मीच कोरली. माह्या हातानं.

धार सुटली अन् सोपान बोलाले लागला. रोजच्यापेक्षा जास्त, न थांबता. "आई, मोरू कुठे गेला. आई, पाणी जातंय. आई, मला दिसत नाही तू." अन् आवाज एक पायरी खाली. मंग आनखी एक. तवा मले समजलं की दोन्ही सोबतच चालले. जीभ सुटली नव्हती. ज्याचा आवाज होता तो घेऊन चालला होता. मी सैपाकघरात पळाली, परातीत मळेल कणीक होती, थे आनली अन् दाबाले लागली. आत्ता सुरुवातीले सांगितलं थेच. कणीक धरे ना. लुगड्याचा पदर कोंबला, तं तो भिजून टपकाले लागला. पदर पिळून पिळून बादलीत पानी जमा केलं, खाली फरशीवरचं टिपून टिपून. येड्यासारखी. "थांब रे, थांब, नको जाऊ. मार तिले हाका, मी नाई अडवत. मार." असं म्हनत होती मी. मोठ्यानं.

पानी तळाले लागलं. दोन बोटं राह्यलं. मंग एक. आवाज आता ऐकू येत होता का नाई हेबी समजे ना. मंग वाळू दिसाले लागली, अन् सोपाननं काचेवरचं तोंड काढलं.

अन् माह्याकडे पाह्यलं. खिडकीतून पाहाव तसं नाई. माह्याकडे. माहे पिठाचे हात पाह्यले, ओलं लुगडं पाह्यलं, मंग तोंड पाह्यलं. अन् त्याचे ओठ मिटले. घट्ट मिटले, अन् उघडले.

आवाज नाई आला. पन "आई" म्हनतानी ओठ मिटत नाई. तुमी म्हनून पाहा. माय म्हनाले मिटा लागते.

तेवढंच. मंग तो उठला, अंगनात गेला, कोंबडीमागं पळाले लागला. जसा पह्यले होता तसा.

आत्याबाई वाण्याकडून आल्या, सगळं पाह्यलं. ओसरी पुसली. पेटी शेजाऱ्याइच्या मदतीनं उपडी करून उन्हात ठेवली. मी आत जाऊन कपडे बदलून आली तं बादली म्हशीपुढं होती अन् रिकामी होती. त्याइले काय माहीत. त्याइले वाटलं, पोतेऱ्याचं कणकेचं पानी हाये, वाया काऊन जाऊ द्या.

सोमवारी बाईसाहेब आल्या. पिशवीत बिस्किटं होते. सोपाननं बिस्किट घेतलं अन् पळून गेला, ओळखलं नाई. त्या पेटीजवळ गेल्या, खाली बसल्या अन् कोपऱ्यावरून बोट फिरवलं, जिथं लांबी निघेल होती. लोखंडावर विळ्याचे ओरखडे होते. किती तरी वेळ बोट तिथंच होतं. मी म्हटलं आता बोलतीन. शिव्या देल्या तं ऐकून घेईन.

त्या म्हने, "शेवटी काय म्हणाला?"

मले सांगता आलं असतं. दार उघडलं म्हने, असं सांगितलं असतं तं त्याइले बरं वाटलं असतं. पन खोटं बोलून पाह्यलं होतं मी एकदा. अन् खरं जे होतं थे माहं होतं, थे मले कोनाले द्यावसं वाटलं नाई. मी म्हटलं, "मले ऐकू नाई आलं, बाईसाहेब."

त्याइनं मान हलवली. "मलाही नाही आलं," म्हने.

मंग आम्ही दोघी तिथंच बसलो, एस्टीची येळ होईपावतर. मी चहा केला, त्याइनं पेला. जातानी म्हने, "पुन्हा भरली तर..." अन् पायरी उतरल्या.

याले आता सात महिने झाले. सोपान पाचव्यात लागते. अजून एक शब्द नाई. डॉक्टर थेच म्हनते, बोलन तवा बोलन. गुरुजी म्हनतेत, पोरगं अंतर्मनात काई तरी ऐकून ठेवते अन् मंग बोलते, पुस्तकात हाये. मी म्हटलं, मंग फौजदार कुठी ऐकलं त्यानं? गुरुजी म्हने, हा प्रश्न हाये खरा. मावसभाऊ बंगल्यात बोलला असन असं हे म्हनतेत. मावसभाऊ शपथ घेते की त्याले मासोळ्याइचे नावच माहीत नव्हते.

मागच्या बाजारी ह्याइनं मलकापूरहून लांबीचा डबा आनला. कोपरा बुजवला, चार दिवस सुकू देला. पेटी आता ओसरीत ओट्यावर हाये, रिकामी; मासोळ्या तवापासून रांजनातच हायेत. अन् बाईसाहेबाइनं मावसभावाच्या हाती एक मडकं पाठवलं, तोंडाले फडकं बांधेल. बंगल्यातल्या विहिरीचं पानी हाये म्हने. दुसरं काई सांगून पाठवलं नाई.

थे मडकं चुलीच्या बाजूले हाये. सोपान आजकाल माह्यासमोर बसते अन् माह्या ओठाकडे पाहते. मी "माय" म्हनते, हळूहळू, ओठ मिटून. दिवसभर म्हनते. तो पाहते. कधी वाटते, आज मिटन त्याचे ओठ. मंग नाई मिटत. अन् मंग मडक्याकडे ध्यान जाते... थे पानी पेटीत भरलं तं आवाज येईन कदाचित, पन हाक दुसरीले जाईन. नाई भरलं तं मी अशीच वाट पाहत राहीन, अन् तिकडे बुलढाण्यात एक बाई तशीच वाट पाहत राहीन. आत्याबाई म्हनते मडकं फोड. हे म्हनतेत, तुह्या मनाले इचार.

मनाले काय इचारू. म्हनून तुमाले इचारते, वाचनाऱ्या बायाइले. घरी लेकरू हाये ना तुमच्या? तुमी माह्या जागी असत्या तं काय केलं असतं?